पुणे-कोल्हापूर डिरेक्टरी सर्व्हर: रेप्लिकेशन बसवतानाच्या नोंदी

१३ मे २०२४, सोमवार

आजपासून कामाला हात घातला. संस्थेचं मुख्य कॉलेज पुण्यात, दुसरं कोल्हापुरात. विद्यार्थी आणि कर्मचारी मिळून चार हजारांवर खाती आहेत आणि ती सगळी पुण्यातल्या एकाच डिरेक्टरी सर्व्हरवर, म्हणजे खाती आणि पासवर्ड सांभाळणाऱ्या सर्व्हरवर. लॅबचं लॉगिन, वायफाय, मूडल ही ऑनलाइन अभ्यासाची प्रणाली, सगळे त्यालाच विचारतात. कोल्हापूरची लाइन गेली की तिथे कुणीच आत जाऊ शकत नाही. गेल्या पावसाळ्यात ऐन प्रॅक्टिकल परीक्षेच्या दिवशी रस्त्याच्या खोदाईत केबल तुटली आणि दोन बॅचेस व्हरांड्यात बसून राहिल्या. कोल्हापूरचे लॅब असिस्टंट, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणतो, तेव्हा फोनवर म्हणाले होते, "सर, पोरं अभ्यास करून आल्यात, मशिनी चालू हाईत, नुसतं दार उघडंना." कोल्हापुरातही त्या सर्व्हरची आपोआप ताजी राहणारी प्रत ठेवायची, म्हणजे रेप्लिकेशन, हे काम त्या दिवसापासून डोक्यात होतं.

मुदतही आली आहे. जुना सर्व्हर सेंटओएस ७ वर (रेड हॅट लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) आहे आणि त्याचे अपडेट ३० जून २०२४ ला बंद होतात. रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून ओपनएलडॅपचं, म्हणजे आमच्या डिरेक्टरीच्या सॉफ्टवेअरचं, सर्व्हर पॅकेज देणंच थांबवलं, त्यामुळे आहे तिथेच वरच्या आवृत्तीवर जायचा रस्ता नाही. ३८९ डिरेक्टरी सर्व्हर या पर्यायी सॉफ्टवेअरचा विचार केला. तो चांगलाच आहे, पण आमचे सगळे ॲक्सेस नियम ओपनएलडॅपच्या भाषेत लिहिलेले आहेत आणि दीड महिन्यात तेही नव्याने लिहायचे म्हणजे चुकांना आमंत्रण. म्हणून डेबियन १२ ही दुसरी लिनक्स, आणि त्यासोबत येणारं ओपनएलडॅप २.५.१३.

मॅडमनी विचारलं, दोन्हीकडे लिहिता येईल असं का नाही करायचं? करता येतं. पण एकाच नोंदीत दोन्हीकडे बदल झाला, की ज्याचा वेळेचा शिक्का नंतरचा त्याचा बदल टिकतो आणि दुसऱ्याचा गुपचूप जातो. आमच्याकडे खाती उघडणं आणि बंद करणं फक्त पुण्याच्या ऑफिसात होतं. कोल्हापूरला फक्त वाचायचं आहे. तेव्हा लिहिणारा एक, पुणे; प्रत ठेवणारा एक, कोल्हापूर. मॅडमना पटलं.

१५ मे, बुधवार

डेटा हलवला. जुन्या सर्व्हरवर एचडीबी बॅकएंड (डेटा साठवण्याचा जुना प्रकार) होता, जो २.५ मध्ये काढूनच टाकला आहे. त्यामुळे डेटाबेसच्या फाइल उचलून नव्या मशीनवर ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. स्लॅपकॅट या कमांडने सगळं एलडीफमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलीत, उतरवलं, नव्यावर स्लॅपॲड या कमांडने चढवलं. कॉन्फिगरेशन मात्र मुद्दाम आणलं नाही, नव्याने लिहिलं. पासवर्ड पॉलिसीचं स्कीमा (कुठली माहिती साठवायची याची व्याख्या) २.५ मध्ये ओव्हरलेच्या (सर्व्हरला जोडायचा जादा भाग) आतच आहे, जुनं वेगळं स्कीमा सोबत आणलं तर दोन्ही एकमेकांत अडकतात.

चढवताना डब्ल्यूचा पर्याय लावला, म्हणजे शेवटी कॉन्टेक्स्ट सीएसएनही, म्हणजे डेटा कुठल्या बदलापर्यंतचा आहे हे सांगणारा वेळेचा शिक्का, लिहिला जातो. रेप्लिकेशनचं सगळं गणित याच शिक्क्यावर चालणार आहे.

स्लॅपॲड रूट (मशीनचा सर्वाधिकारी युजर) म्हणून चालवलं, त्यामुळे डेटाबेसच्या फाइलींची मालकी रूटकडे गेली आणि सर्व्हिस उठेना. मालकी ओपनएलडॅप या युजरला दिली, उठली. दहा मिनिटं गेली.

१७ मे, शुक्रवार

टीएलएस, म्हणजे दोन सर्व्हरमधली जोडणी कूटबद्ध करणं. सर्टिफिकेट आणि किल्लीचा पत्ता कॉन्फिगमध्ये घालायला गेलो तर एरर ८०, "अन्य चूक". यापलीकडे सर्व्हर काही सांगत नाही. कारणं दोन निघाली. खाजगी किल्ली ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे ओपनएलडॅप युजरला शिरताच येत नव्हतं. त्याला ती मुभा असलेल्या एसएसएल-सर्ट ग्रुपमध्ये घालून सर्व्हिस पुन्हा सुरू केली. शिवाय सर्टिफिकेट आणि किल्ली एकाच बदलात द्यावी लागतात. एक आधी, एक नंतर असं केलं की मधल्या अवस्थेत जोडी जुळत नाही आणि सर्व्हर पहिलाच बदल नाकारतो.

कोल्हापूरहून पुण्याला जोडताना आयपी पत्ता दिला होता. सर्टिफिकेटवर नाव आहे, आयपी नाही, म्हणून जोडणी नाकारली गेली. तपासणी ढिली करून पुढे जाता आलं असतं, पण या लाइनवरून चार हजार जणांच्या पासवर्डचे हॅश (पासवर्डचं बदललेलं, न वाचता येणारं रूप) जाणार आहेत. नाव वापरलं, तपासणी कडकच ठेवली.

२१ मे, मंगळवार

पुण्याची बाजू तयार. प्रत मागणाऱ्याला बदल देणारा सिंकप्रोव्ह ओव्हरले बसवला. चेकपॉइंट, म्हणजे शिक्का डेटाबेसमध्ये लिहून ठेवणं, १०० बदलांनी किंवा १० मिनिटांनी. एंट्री सीएसएन (एकेका नोंदीचा शिक्का) आणि एंट्री यूयूआयडी (नोंदीचा ओळख क्रमांक) या दोन्हींवर इंडेक्स. कोल्हापूरसाठी वेगळं रेप्लिकेटर खातं. ॲडमिनचा पासवर्ड दुसऱ्या गावच्या कॉन्फिग फाइलीत ठेवायचा नाही हे आधीच ठरलेलं. पुण्याला सर्व्हर आयडी १ दिला.

अण्णांना समजावलं ते इथेही लिहून ठेवतो, पुढे जो या कामावर येईल त्याच्यासाठी. या पद्धतीत पुणे कोल्हापूरकडे काही ढकलत नाही. कोल्हापूरच विचारतं, "माझ्याकडे या शिक्क्यापर्यंतचं आहे, पुढचं दे." पुणे ते देतं आणि जोडणी उघडीच ठेवतं, नवा बदल झाला की त्याच वाटेने लगेच जातो. याला रिफ्रेश अँड पर्सिस्ट म्हणतात, आरएफसी ४५३३ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात २००६ साली मांडलेली रीत. कोल्हापूर दोन दिवस बंद राहिलं तरी पुण्याला त्याची आठवण ठेवावी लागत नाही. उठल्यावर ते स्वतःचा शिक्का दाखवून पुढचं मागून घेतं.

शिक्का असा दिसतो: २०२४०५२११२०९४३.५१८२०७झेड#००००००#००१#००००००. आधी तारीख आणि वेळ मायक्रोसेकंदापर्यंत, तिसऱ्या भागात सर्व्हर आयडी. अण्णांनी लगेच पकडलं, "सर, पुण्याचं घड्याळ साडेपाच तास मागं हाय." घड्याळ बरोबर आहे. शिक्का यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतो आणि आम्ही हे संध्याकाळी ५.३९ ला पाहत होतो. पण त्यांनी घड्याळाकडे पाहिलं हे योग्यच केलं, कारण इथे कुठला बदल नंतरचा हे वेळेवरूनच ठरतं. दोन्हीकडे घड्याळ जुळवणारं क्रोनी चालू असल्याची खात्री केली.

पुण्यावर असे दोन शिक्के दिसतात. एक ००० चा, जुन्या डेटासोबत आलेला, तो आता हलणार नाही. दुसरा ००१ चा, दर बदलाला पुढे सरकणारा. दोन दिसले म्हणून कुणी घाबरू नये.

२२ मे, बुधवार

कोल्हापूर सुरू केलं. जोडणी झाली, नोंदी यायला लागल्या. मग दोन्हीकडे सर्च चालवून नोंदी मोजल्या. पुणे ५००, कोल्हापूर ५००. आकडे जुळले, म्हणून मी अण्णांना "झालं" असं कळवलंसुद्धा.

दहा मिनिटांनी त्यांचा फोन. त्यांचं स्वतःचं खातं कोल्हापूरच्या सर्व्हरवर सापडत होतं, पण तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाचं सापडत नव्हतं. तेव्हा त्या आकड्याकडे नीट पाहिलं. आमच्याकडे ५०० खाती कशी असतील? चार हजारांवर आहेत!

डेबियनच्या मूळ कॉन्फिगमध्ये सर्चच्या उत्तराला ५०० नोंदींची मर्यादा असते. रेप्लिकेटर खातंही शेवटी एक युजरच, त्यालाही ती लागू. पुण्याने पहिल्या ५०० नोंदी दिल्या आणि थांबलं. त्या सर्वांत जुन्या, म्हणजे बहुतेक कर्मचाऱ्यांच्या. म्हणून अण्णा सापडले आणि मुलगा नाही. आणि मी पुण्याची मोजणीही साध्याच खात्याने केली होती, तिलाही तीच मर्यादा लागली. एकाच अडथळ्याने डेटा कापला आणि मोजणीही कापली, म्हणून दोन्ही आकडे जुळले. सर्चच्या उत्तराच्या शेवटी "साइझ लिमिट एक्सीडेड" अशी ओळ येत होती, पण मी फक्त डीएनच्या (नोंदीच्या पूर्ण नावाच्या) ओळी मोजत असल्याने ती माझ्या डोळ्यांसमोर आलीच नाही. कोल्हापूरच्या लॉगमध्ये मात्र कोड ४, म्हणजे हीच मर्यादा ओलांडल्याचा, स्पष्ट लिहिलेला होता.

रेप्लिकेटरसाठी नोंदी आणि वेळ दोन्हींची मर्यादा काढली. यापुढे मोजणी सर्चने नाही, दोन्ही मशीनवर स्लॅपकॅट काढून. एमडीबी या नव्या बॅकएंडवर सर्व्हिस चालू असतानाही ते बिनधोक चालतं. नवी मोजणी: पुणे ४,२१८. कोल्हापूर ४,२१८.

२३ मे, गुरुवार

सकाळी अण्णा कोल्हापूरच्या सर्व्हरवरून लॉगिन करून बघत होते. एरर ४९, चुकीचा पासवर्ड. तोच पासवर्ड पुण्याच्या सर्व्हरवर चालतो. त्यांनी दुसऱ्या दोघांना बसवून पाहिलं, तेच.

कॉन्टेक्स्ट सीएसएन दोन्हीकडे अक्षर न अक्षर सारखा. मोजणी सारखी. लॉगमध्ये एकही तक्रार नाही. कालच्या अनुभवानंतर नुसत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही म्हणून दोन्हीकडचं स्लॅपकॅट डीएननुसार लावून शेजारी शेजारी उघडलं आणि अण्णांची नोंद ओळीने वाचली. नाव आहे, यूआयडी नंबर आहे, होम फोल्डर आहे, शेल आहे. पासवर्डची ओळ नाही. मग तेवढ्याच ओळी मोजल्या. पुण्यात ४,१८६. कोल्हापुरात शून्य.

कारण पुण्याच्या ॲक्सेस नियमात होतं. पासवर्डच्या ॲट्रिब्यूटवर नियम असा: स्वतःचा स्वतः बदलू शकतो, लॉगिनपुरती तुलना करता येते, बाकी कुणालाही काहीच नाही. रेप्लिकेटर "बाकी कुणालाही" मध्ये मोडला. जे त्याला वाचायचा हक्क नाही ते पुणे त्याला पाठवत नाही आणि तसं सांगतही नाही. नोंद पोचते, पण त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग गाळून. कोल्हापूरच्या दृष्टीने ती नोंद पूर्णच असते.

त्या नियमात "बाकी कुणालाही" च्या आधी रेप्लिकेटरला वाचायचा हक्क देणारी ओळ घातली. तेवढ्याने भागत नाही हे लक्षात ठेवावं. आलेल्या नोंदींचा शिक्का पुण्याशी जुळतो, त्यामुळे कोल्हापूर त्या पुन्हा मागणारच नाही. तिथली सर्व्हिस थांबवली, डेटाबेसच्या फाइल काढल्या, कोऱ्या पाटीवर पुन्हा सुरू केलं. मिनिटाच्या आत सगळं आलं. पासवर्डच्या ओळी ४,१८६. अण्णा आत गेले.

असा नियम ठरवला: शिक्के जुळले, आकडे जुळले, तरी एका खऱ्या माणसाने खऱ्या पासवर्डने आत गेल्याशिवाय या वहीत "झालं" असं लिहायचं नाही.

२७ मे, सोमवार

सकाळी १०.०५ ला पुण्यात दोन तासिका प्राध्यापकांची खाती उघडली. १०.४० झाले तरी कोल्हापुरात नाहीत. तिथली सर्व्हिस पुन्हा सुरू केली की क्षणात येतात. पण असं रोज उठून कोण करणार? आणि मुळात का करायचं?

सर्व्हिसला हात लावण्यापूर्वी जोडण्या पाहून ठेवल्या होत्या. कोल्हापूरच्या मते पुण्याशी जोडणी चालू होती. पुण्याकडे पाठवायच्या रांगेत बाइट्स अडकून पडलेले, त्यांची पोच येत नव्हती. शनिवार-रविवार कुठलाच बदल झाला नव्हता, म्हणजे त्या जोडणीवरून दीड-दोन दिवस काहीच गेलं नव्हतं. मधल्या फायरवॉलमध्ये तासभर शांत राहिलेली जोडणी यादीतून काढण्याची सेटिंग आहे, आणि काढताना तो दोन्ही टोकांना कळवत नाही. कोल्हापूर कान देऊन बसलेलं, मधली तार कापलेली.

कोल्हापूरच्या सिंकरेपलच्या (बदल मागून आणणारा भाग) सेटिंगमध्ये कीपअलाइव्ह २४०:१०:३० घातलं. २४० सेकंद शांतता झाली की "आहेस का?" असं विचारायचं, उत्तर नाही आलं तर ३० सेकंदांच्या अंतराने १० वेळा, आणि तरीही नाही तर जोडणी मेली असं धरून नवी उघडायची. पुन्हा जोडण्याचा प्रयत्न आधी दर ३० सेकंदांनी १० वेळा, नंतर दर ३०० सेकंदांनी कायम. या शेवटच्या कायमसाठी अधिकचं चिन्ह द्यावं लागतं. ते राहिलं तर ठरलेले प्रयत्न संपल्यावर कोल्हापूर पुण्याला विचारायचंच सोडून देईल.

दर पाच मिनिटांनी दोन्ही शिक्के ताडून पाहणारी छोटी स्क्रिप्ट लावली. दहा मिनिटांहून जास्त फरक राहिला तर मला आणि अण्णांना मेल. दर रविवारी स्लॅपकॅटची पूर्ण तुलना, पासवर्डच्या ओळींसकट.

३ जून, सोमवार

कोल्हापूर ऑफिसातून तक्रार: "नवा सर्व्हर कुऱ्हाडे आडनाव शोधत नाही." रेप्लिकेशनकडे बोट होतं, म्हणून आधी पुण्यावर तेच शोधलं. तिथेही काही कुऱ्हाडे सापडतात, काही नाही. म्हणजे प्रत अगदी इमानदार आहे, गोंधळ मूळ डेटातच.

आम्ही मराठी नावं डिस्प्ले नेममध्ये भाषेच्या खुणेसह ठेवतो, आरएफसी ३८६६ मध्ये दिलेल्या पद्धतीने. एलडीफमध्ये ती वाचता येत नाहीत. देवनागरी आली की दोन अपूर्णविरामांपुढे बेस ६४ मध्ये उतरते. उलगडून एकेक अक्षराचे कोड पाहिले. काहींनी चंद्रकोरीसारखा ऱ टाइप केला होता, कोड ०९३१, त्यापुढे हलन्त आणि ह. काहींच्या कीबोर्डने साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, कोड २००डी, आणि ह असं केलं होतं. पडद्यावर दोन्ही "ऱ्ह" सारखेच. यंत्राला दोन वेगळे शब्द.

अशा ३८ नोंदी निघाल्या. गोऱ्हे, कुऱ्हाडे, आणि गावांच्या नावातलेही काही. सगळ्या ०९३१ वर आणल्या आणि खातं उघडण्याच्या फॉर्ममध्येच हे रूपांतर घातलं. आपल्याच नावाने शोधल्यावर माणूस सापडू नये हे मला पटणारं नाही, म्हणून आजचा दिवस यात गेला तरी गेला. पुण्यात ३८ बदल झाले तसे कोल्हापुरात एकामागून एक उतरताना पाहिले.

८ जून, दुसरा शनिवार

खरी परीक्षा. कॉलेजला सुट्टी, लॅब रिकामी, अण्णा मुद्दाम आले.

लॅबच्या मशीनवर लॉगिन तपासणारं एसएसएसडी आहे आणि ते आधी आत येऊन गेलेल्यांचे पासवर्ड स्वतःजवळ हॅश करून ठेवतं. त्यामुळे जुन्या खात्याने लॉगिन झालं तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. म्हणून १०.२० ला पुण्यात एक कोरं चाचणी खातं उघडलं. शिक्के जुळले. १०.३१ ला अण्णांनी पुण्याकडची लाइन राउटरमधून उपटली.

लॉगिन झालं नाही.

कोल्हापूरचा सर्व्हर उठलेला, डेटा पूर्ण, तरी लॅबला तो सापडेना. अर्धा तास गेला. लॅबच्या मशीनवर सर्व्हरचं नाव दिलं आहे आणि त्या नावाचा पत्ता सांगणारा डीएनएस सर्व्हर पुण्यात! पलीकडच्या खोलीतल्या सर्व्हरचा पत्ता विचारायला मशीन पुण्यापर्यंत जात होतं. लाइन असेपर्यंत हे कधीच दिसलं नसतं.

कोल्हापुरात डीएनएसमास्क हा छोटा डीएनएस सर्व्हर बसवला, दोन्ही सर्व्हरची नावं त्यात घातली, लॅबला तोच डीएनएस दिला. १२.५० ला पुन्हा तार काढली. अण्णांनी फोन टेबलावर ठेवला होता, मला कळांचा आवाज ऐकू येत होता. मग म्हणाले, "उघडलं दार."

तीसही मशीनवर एकेक करून तेच खातं चालवलं. सगळी चालली. पासवर्ड बदल मात्र तार काढलेली असताना होत नाही, कारण लिहायचं ते पुण्यातच. लाइन असताना एसएसएसडीला पासवर्ड बदलासाठी थेट पुण्याचा पत्ता दिला आहे. अण्णांनी सूचनाफलकावर तसा कागद लावला.

चाचणी खातं पुण्यात पुसलं, कोल्हापुरातून त्याच क्षणी गेलं. चुकून पुसलेलंही असंच जाईल. दोन्हीकडे रोज रात्री २ वाजता स्लॅपकॅट, ३० दिवस जपून.

२५ जून, मंगळवार

कोल्हापुरात पावसाचा जोर. दुपारी १.१० ला मेल आला की शिक्के जुळत नाहीत. लाइन गेली होती. अण्णांना फोन केला तर ते लॅबमध्ये. दुसऱ्या वर्षाची बॅच बसलेली. लाइन गेल्याचं त्यांना माझ्याकडून कळलं. ४.३५ ला लाइन आली, ४.३९ ला शिक्के जुळले. मधल्या वेळात पुण्यात ११ बदल झाले होते, अकराही पोचले. एका मुलीला पासवर्ड बदलता आला नाही, तिला अण्णांनी संध्याकाळी बसवून दिला.

२९ जून, शनिवार

जुन्या सर्व्हरवरचं शेवटचं स्लॅपकॅट काढून दोन ठिकाणी ठेवलं आणि त्याची वीज बंद केली.

१ जुलै, सोमवार

नव्या प्रवेशांची ३०७ खाती चढवली. पुणे ४,५२७, कोल्हापूर ४,५२७. पासवर्डच्या ओळी दोन्हीकडे ४,४९५. कोल्हापूरच्या तीन नव्या मुलांना अण्णांनी लॅबमध्ये नेलं, तिघंही पहिल्याच वेळेस आत. झालं.